मालधक्का, सावदा

सकाळपासून बावीस वाघिणी लागल्यात खताच्या.
पाठीवर गोणी, गोणीवर निळा ठसा:
खडकाचं पीठ. बंदर स्फाक्स.
रुबाब तडवीला अक्षर येत नाही, ठसा ओळखतो.
"सफाकस," म्हणतो, "म्हंजे काय भो,
सफा झालेलं गाव?"

मी टॅलीवाला. माझ्याकडे पेन्सिल, पाण्याचा कॅन
आणि मुलीचा जुना ॲटलस. आफ्रिकेच्या
डोक्यावर तिनं शाई सांडलेली.
त्या डागाखालून शहर शोधलं,
उरलेलं मोबाइलवर वाचलं भाकरी खाताना,
आणि खोटं कशाला, थोडं पदरचं घातलं.

भिंतीतलं गाव आहे, रुबाबभाऊ.
हजार-अकराशे वर्षांची भिंत, वर करवतीसारखे दाते.
आत बोळ. लोहाराचा वेगळा, कापडवाल्याचा वेगळा,
आणि एक नुसता मसाल्याचा,
जिथं आपली चोपड्याची बाई शिंकलीसुद्धा नसती.
भिंतीबाहेर फ्रेंचांनी आखलेले रस्ते,
पट्टीनं ओढल्यासारखे.
मग गोदी.

गोदीच्या एका अंगाला हेच पीठ, ढिगानं.
खाणीकडून मालगाडी येते वाळवंटातून
आणि समुद्राजवळ रिकामी होते.
"म्हंजे तिथं बी धक्का?"
तिथंही धक्का.
"अन् हमाल?"
असणारच.
रुबाब थांबला. पाठीवरची गोणी
एकदम ओळखीची झाल्यासारखी
त्यानं जरा हळू टेकवली.

पहाटे मासळीचा लिलाव. आरडाओरडा
आपल्या केळीच्या बोलीएवढाच, वास निराळा.
गावाबाहेर कोस-कोस झाडं, एका रेघेत,
तेल काढतात त्या फळाचं. जैतून.
"जैतून!" आता तोच मला सांगू लागला.
"ते कुराणात हाय. मौलवीसाहेब कसम सांगत व्हते त्याची.
मले वाटे, ते झाड नुसतं वाचायचं असतं."

ओहोटीला समुद्र लांब निघून जातो,
होड्या चिखलात कलतात,
हतनूरचे दरवाजे पडल्यावर
तापीत बसते ना नाव, तशा.
समोरच्या बेटावरचे कोळी मातीची गाडगी सोडतात तळाला.
आठ पायांचा तो प्राणी घर समजून आत शिरतो.
बस्स. दोरी ओढायची.
यावर कुणी हसलं नाही.
छोटू बारेलानं विडी विझवली,
त्याच्या बायकोचं घर यंदाच मंजूर झालंय.

दुपारी, बेचाळीस अंश, चौदाव्या वाघिणीत
एक गोणी फाटली, आणि पिठात
रुबाबच्या बोटाला काहीतरी टोचलं.
दात. काळसर, चकचकीत, बोराच्या बीपेक्षा थोडा मोठा.
"वाघिणीतून निघाला, वाघिणीचाच असंल,"
सगळा धक्का हसला.

मी सांगितलं: माशाचा आहे. शार्क म्हणतात.
जिथं ती खाण आहे, तिथं समुद्र होता
पाच कोटी वर्षांपूर्वी.
रुबाबनं हिशेब केला नाही. पाच कोटी
हा आकडा त्यानं फक्त निवडणुकीत ऐकलेला.
दात त्यानं जिभेवर ठेवून पाहिला.
"खारट हाय," म्हणाला.
घामाचाही असेल. मी बोललो नाही.

"गावाची भिंत दातेरी, जमिनीत बी दात.
चावरं गाव दिसतंय भो तुझं."
माझं कधी झालं ते?

संध्याकाळी पलीकडच्या रुळावर
केळीची गाडी भरत होती, दिल्लीकडची.
याच पिठावर वाढणार पुढची बाग,
आणि तो घड कुणाच्या दाताखाली जाईल, देव जाणे.
रुबाबनं दात काळ्या दोऱ्यात ओवला, नातवासाठी.
पोरानं विचारलं, हा मासा अजून तिथंच आहे का?
आजानं माझ्याकडे पाहिलं.
मी वही उघडली.

आवक: गोण्या एकवीस हजार तीनशे चार.
फाटक्या: सात.
तूट:
पेन्सिल टेकवली, उचलली.
रकाना तसाच आहे.